थंड पाण्याचं जहाज

माझी आत्या एका पर्यटन जहाजांच्या कंपनीत होती. कोणी विचारलं, तुम्ही नेमकं काय करता, तर ती म्हणायची, "लग्नं जुळवते. जहाजांची आणि समुद्रांची." ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटायची, पण कामाचं स्वरूप खरोखर तेच होतं. कंपनीची जहाजं वर्षातून दोनदा जागा बदलत. उत्तरेतला उन्हाळा संपला की तिथली जहाजं खाली यायची, कुणी उबदार बेटांकडे, कुणी थेट दक्षिणेच्या बर्फाकडे. कुठलं जहाज कुठे पाठवायचं, हे सुचवणारी आमची आत्या.

तिच्या भावाची मुलगी मी. कॉलेजसाठी तिच्या घरी राहायला आले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. घर बंदरापासून जवळ, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्क्याच्या क्रेन दिसायच्या आणि त्यांच्या पलीकडे बंदराच्या मोठ्या हॉस्पिटलची पांढरी इमारत. जेवणाच्या टेबलावर निम्म्या भागात ताटं आणि निम्म्या भागात आत्याचे नकाशे, असा कायमचा करार होता. त्या टेबलावरच मी शिकले, की जहाज दिसायला सुंदर आहे एवढ्यावर ते कुठेही चालत नाही. गरम हवेच्या समुद्रात जायचं तर उघडे डेक मोठे लागतात, सावली लागते, प्रत्येक खोलीला बाल्कनी लागते, आणि एसी असा दणकट लागतो की भर दुपारी हजार माणसं एकदम आत शिरली तरी दमणार नाही. बर्फाकडे जायचं तर सगळं उलटं. तिथे बाल्कनीत बसतो कोण? तिथे हव्यात मोठ्या काचा, पोहण्याच्या तलावावर काचेचं छप्पर, पायाखाली ऊब आणि पुढच्या बाजूला जाड पत्रा. महासागर ओलांडायचा असेल तर जहाजाचं नाक लांब आणि टोकदार हवं, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी निम्मे प्रवासी पोट धरून आडवे. उथळ खाडीत मोठं जहाज शिरत नाही. कुठे तर पूल इतका ठेंगणा, की धुराडं अडतं.

"आणि माणसं पण बघावी लागतात," ती म्हणायची. "बर्फाला जाणारे गप्प असतात. खिडकीशी बसून राहतात. त्यांना घसरगुंड्या आणि ढॅणढॅण गाणी दिलीस तर वैतागतील. गरम बेटांवर जाणाऱ्यांना नुसती खिडकी दिलीस तर पोरं जहाज डोक्यावर घेतील."

तिचा नवरा, म्हणजे माझे आतोबा, त्याच कंपनीत जहाजावर सेकंड इंजिनियर होते. दोघांची ओळख जहाजावरच झाली होती. तेव्हा ती रिसेप्शनवर होती. तिच्या केबिनचा हीटर सारखा बंद पडायचा आणि तो दुरुस्त करायला सेकंड इंजिनियर स्वतः यायचा, यावरूनच सगळ्या जहाजाला काय ते कळलं होतं. आत्या कायमची थंडीने कुडकुडणारी आणि आतोबा कायम घामाने निथळणारे. सुट्टीवर घरी आले की पंख्यावरून भांडण ठरलेलं. ती पांघरूण ओढून झोपायची, ते खिडकीशी फरशीवर.

आतोबांचं जहाज लहान आणि जुनं होतं. बर्फासाठीच बांधलेलं. उन्हाळाभर उत्तरेच्या बर्फात, मग जग उभं ओलांडून दक्षिणेच्या बर्फात. आमच्या उबदार बंदराशी त्याचा काही संबंधच नव्हता. त्यामुळे आतोबा घरी यायचे ते फक्त सुट्टीला, विमानाने. आत्याने त्या जहाजाचं नाव सवत ठेवलं होतं. "सवतीची तब्येत कशी आहे?" असंच ती फोनवर विचारायची. ते म्हणायचे, "खोकतेय, पण चालतेय." त्यांचा जीव होता त्या जहाजावर. आत्याचाही होता, असं मला वाटतं. सवतीबद्दल कंपनीत कोणी वाकडं बोललं तर तिला खपायचं नाही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी सारखी इथून तिथे उड्या मारायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत, आणि ते नाव पुढेही चिकटून राहिलं. ही गोष्ट घडली तेव्हा खारू बारावीत होती. बाप तिचा देव होता. वर्षातला मोठा काळ जो माणूस दिसत नाही, त्याला देव करणं सोपं जातं. अभ्यासाला बस, केस विंचर, एवढ्या उशिरा कुठे होतीस, हे सगळं आईच्या वाट्याचं. बाबा म्हणजे फोनवरचं हसू आणि सुट्टीतली मजा.

त्या वर्षी आमच्या बंदरात प्रवासी जहाजांसाठी नवीन धक्का बांधून झाला. इथूनच निघून गरम बेटांची चक्कर मारून इथेच परत येणारी आठवड्याची सफर सुरू करायची, असं कंपनीने ठरवलं. अडचण अशी, की आमची खाडी उथळ. मोठी जहाजं आत येऊ शकत नव्हती. लहान जहाज हवं होतं आणि ते लवकर हवं होतं. विक्री विभागाच्या मुख्य बाईंनी नाव सुचवलं सवतीचं.

खारूला हे कुठून कळलं कोण जाणे. बहुधा आत्याच बोलून गेली असावी. खारू घरभर नाचली. बाबा दर आठवड्याला घरी. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, की ती बाबांकडून गाडी चालवायला शिकणार, कारण आई शिकवायला लागली की तिला रडू येतं.

आत्या मात्र गप्प गप्प होती. त्या संध्याकाळी ती गवार मोडत होती आणि मी कणीक मळत होते. खारू क्लासला गेली होती. आत्याने आतोबांना फोन लावला आणि हात ओले म्हणून स्पीकरवर ठेवला. तिकडचा आवाज नेहमीसारखा थोडा उशिराने येत होता.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "तुझं जहाज इकडे आणायचं म्हणतायत. तुझं मत हवंय."

"आत्ता कोण विचारतंय? ऑफिस की बायको?"

आत्याचा हात थांबला. "ऑफिस."

"मग नको आणू," आतोबा म्हणाले. "तिकडचं समुद्राचं पाणी कोमट. आमची सगळी यंत्रणा थंड पाण्यावर थंड होते. एसी निम्मासुद्धा चालणार नाही. प्रवाशांना कशीबशी गार हवा देऊ, पण ती कामगारांच्या खोल्यांची काढूनच द्यावी लागेल. आणि इंजिन रूम? अगं, बाहेर बर्फ असताना इथे बनियन पिळावं लागतं. तिकडे माझी पोरं चक्कर येऊन पडतील. तलावावरच्या काचेचं तर बोलूच नको, माणसं शिजतील त्यात."

"माझा पण हिशेब तेच सांगतोय."

"मग झालं तर."

आत्याने दोन गवारीच्या शेंगा मोडल्या आणि म्हणाली, "आणि बायकोने विचारलं तर?"

मला वाटलं, फोन तुटला.

"तिने विचारू नये," आतोबा म्हणाले. "तिने विचारलं तर मी खोटं बोलेन."

दोघंही हसली. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर आत्या सिंकपाशी पाठमोरी उभी राहिली आणि मोडलेलीच गवार पुन्हा धुवायला लागली.

मीटिंगमध्ये तिने सवतीला विरोध केला. तिने नुसता नकार दिला नाही, दुसरं जहाज शोधून दिलं. उघड्या डेकचं, एसी नुकताच बदललेलं एक लहानसं जहाज दुसऱ्या फेरीवरून काढता येत होतं. मोठ्या साहेबांना ते पटलं. मीटिंग संपल्यावर ते तिला म्हणाले, "बाई, तुमचे मिस्टर त्या जहाजावर आहेत ना? मला वाटलं होतं तुम्ही उलट बाजूने बोलाल." आत्या म्हणाली, "मलाही वाटलं होतं."

घरी येऊन तिने खारूला सांगितलं. जहाज येणार नाही.

"का?"

"ते गरम हवेचं नाही. चालणार नाही इथे."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणाले."

खारू बघतच राहिली. "तू? तू नाही म्हणालीस?"

"हो."

"बाबांना विचारलंस?"

आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "नाही. माझं काम आहे ते, मी ठरवलं."

खारू उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

मी आत्याला म्हटलं, "खोटं कशाला बोललीस? आतोबांनीच तर नको म्हटलं."

"तो किती लांब आहे," ती म्हणाली. "बापाने यायला नको म्हटलं, हे ऐकून ही पोर तिकडे फोनवर रडेल, आणि तिथून तो तिची समजूत काढू शकणार आहे का? मी समोर आहे. माझ्यावर रागावली तरी रात्री माझ्याच हातचं जेवणार. सुट्टीवर आला की तोच सांगेल तिला, समोर बसवून. त्याला बरोबर सांगता येतं."

मला ते पटलं. आजही वाटतं, त्या दिवसापुरतं त्यात काही चुकीचं नव्हतं.

आतोबांची सुट्टी दक्षिणेची फेरी संपल्यावर होती.

पुढचं आत्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आणि काही तिच्या ऑफिसातल्या लोकांनी. ऑफिसच्या एका भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर जगाचा नकाशा आणि कंपनीचं प्रत्येक जहाज म्हणजे एक उजेडाचा ठिपका. जाता येता सवतीचा ठिपका बघायची आत्याला सवय होती. त्या दिवशी ती चहाचा कप घेऊन परत येत होती आणि तिला दिसलं, सवत वळलीय. पुढच्या बेटाकडे जायचं सोडून तिने उत्तरेकडे तोंड केलं होतं. वेगही नेहमीपेक्षा जास्त.

पडद्याखाली जहाजांच्या हालचालींवर लक्ष ठेवणारा एक तरुण बसायचा. आत्याने त्याला विचारलं, "हे का वळलं?"

"क्रूमधलं कोणीतरी आजारी आहे, मॅडम," तो म्हणाला. "छातीत दुखतंय. हेलिकॉप्टर मागितलंय, पण धुकं आहे म्हणून उडत नाहीये. म्हणून उत्तरेच्या सर्वांत जवळच्या बंदराकडे निघालेत. नाव बघून सांगतो."

त्याने नाव बघितलं. मग त्याने मान वर केलीच नाही.

आत्याने खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली. मोठे साहेब आले, विक्रीच्या बाई आल्या, कोणी पाणी आणलं. जहाजावर डॉक्टर आहेत, ते सगळं करतायत, असं सगळे सांगत होते. ती हो हो म्हणत होती. तिला ते बंदर माहीत होतं. तिथला धक्का माहीत होता, पाण्याची खोली माहीत होती, हॉस्पिटल किती लहान आहे तेही माहीत होतं. सवत जास्तीत जास्त किती पळू शकते, हे तर तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मधे अजून दोन दिवसांचं पाणी होतं.

विक्रीच्या बाई तिच्या शेजारी बसून होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, दुपार कलायला लागली होती, आत्या नुसती ठिपक्याशेजारचा वेगाचा आकडा बघत होती. आणि तो आकडा कमी झाला. थोडासा. मग आणखी. जहाज आपल्या रोजच्या चालीवर आलं. खोलीतल्या कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. आत्या उभी राहिली आणि पर्स खांद्याला लावत शांतपणे म्हणाली, "आता घाई नाहीये त्यांना. मी घरी जाते. मुलीला सांगायला हवं."

कॅप्टनचा फोन त्यानंतर आला.

आतोबांना घरी आणायला बरेच दिवस लागले. तोपर्यंत खारू कोणाशी बोलली नाही. सगळं आटोपल्यावर, आलेली माणसं गेल्यावर, ती स्वयंपाकघरात आली. आत्या खिडकीशी उभी होती. खारूने बाहेर बोट दाखवलं.

"ते हॉस्पिटल इथून दिसतं," ती म्हणाली. "जहाज इथे असतं तर त्यांना उचलून नेता आलं असतं. चालत नेता आलं असतं, आई."

आत्या म्हणाली, "हो."

"त्यांना यायचं होतं."

"हो. खूप यायचं होतं."

"आणि तू विचारलंसुद्धा नाहीस."

मी तोंड उघडलं. आत्याने माझा हात इतका घट्ट धरला, की तिची बोटं मनगटावर उमटली. खारू बाहेर गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्याला यात ओढू नकोस. तो आता येऊन स्वतःचं काही सांगू शकत नाही. बाबांना आपल्याकडे यायचं होतं, एवढंच तिच्याजवळ उरलंय. तेवढं राहू दे."

"आणि तू?"

"माझं काय? मी आहे ना. कधीतरी निवळेल."

ते निवळलं नाही. खारू शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिथेच नोकरीला लागली. सुरुवातीला सुट्टीला यायची, मग यायची बंद झाली. माझ्याशी बोलायची, माझ्याकडून आत्याची खबर घ्यायची, पण आत्या फोनवर आली की, "बरी आहेस ना? बरं, ठेवते." लग्न ठरलं तेही मला आधी कळलं. लग्नात आत्या पहिल्या रांगेत बसली होती, नवी साडी नेसून, आणि लोक तिला विचारत होते, "तुम्ही मुलीकडच्या का?"

मी किती वेळा म्हटलं, सांगून टाक. आधी ती म्हणायची, आत्ता तिची परीक्षा आहे. मग म्हणाली, नोकरी नवीन आहे. मग लग्न. मग तिला दिवस गेले होते. नंतर नंतर मी म्हणायचं सोडलं.

नोकरी आत्याने सोडली नाही. दर वर्षी नकाशे पसरायची, जहाजांची आणि समुद्रांची लग्नं लावायची. सवतीला तिने शेवटपर्यंत थंड पाण्यातच ठेवलं. पुढे ते जहाज मोडीत निघालं, तेव्हा त्या कागदावरही तिची सही लागली. घरी येऊन ती मला म्हणाली, "आज सवत गेली." मी चहा टाकला. उन्हाळ्यात पंखा मात्र ती पूर्ण वेगाने लावायची आणि दोन पांघरुणं घेऊन झोपायची. थंडी वाजते तर पंखा बंद कर म्हटलं, तर म्हणायची, "राहू दे गं, सवय आहे."

मग गेल्या उन्हाळ्यात खारू अचानक आली. एकटी, हातात एकच पिशवी. आत्या तोवर निवृत्त झाली होती. दार मी उघडलं. खारू माझ्याकडे न बघता सरळ आत गेली.

तिच्या शहरात आतोबांच्या जहाजाचे जुने चीफ इंजिनियर राहायला आले होते. म्हातारे झाले होते. कोणाच्या तरी ओळखीने भेट झाली, आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने तिला सांगितलं, की तुझे वडील काय माणूस होता. घरी यायची संधी आलेली, तुझ्या आईने स्वतः फोन करून विचारलेलं, आणि या माणसाने आमच्या जिवाची काळजी करून नको म्हणून सांगितलं. सगळ्या इंजिन रूमला ठाऊक होतं ते. त्यांना वाटलं, मुलीलाही ठाऊक असणार.

"खरंय?" खारूने विचारलं.

आत्या सोफ्यावर बसली होती. तिने चष्मा काढला. "खरंय."

"तू विचारलं होतंस."

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या मनात त्याच्याबद्दल काही वाकडं यायला नको होतं," आत्या म्हणाली. "आई-बापातल्या एकाबद्दल तरी."

मला वाटलं, आता ही आईच्या गळ्यात पडेल. इतकी वर्षं मी त्याच क्षणाची वाट बघत होते. खारू उभीच राहिली. रडत होती, पण उभी.

"बाबा नाही म्हणाले हे कळलं असतं ना, तरी ते माझेच राहिले असते," ती म्हणाली. "मी भांडले असते त्यांच्याशी, रडले असते, आणि मग मला कळलं असतं. सतरा वर्षांची होते मी, आई, तान्ही नव्हते. बाबा चांगले राहावेत म्हणून तू माझी आई काढून घेतलीस. मला बाळ झालं तेव्हा मला तू हवी होतीस. मी फोन हातात घेऊन बसले होते आणि केला नाही, कारण मला वाटायचं, या बाईने माझ्या बाबांना मारलं. हे तू मला वाटू दिलंस."

आत्याने शेजारची उशी उचलून बाजूला ठेवली, म्हणजे बसायला जागा व्हावी. खारू थोड्या वेळाने तिथे बसली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. मी चहा आणला, तो तिने प्यायला. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. निघताना आईच्या पाया पडायला वाकली आणि वाकल्यावर बराच वेळ उठली नाही. आत्याचा हात तिच्या पाठीवर होता.

त्यानंतर ती फोन करते. आठवड्यातून एकदा. मुलाचा खोकला, कामवाली येत नाही, असलं काहीबाही. कधी बोलता बोलता एकदम, "ठेवते," म्हणते. पुन्हा यायचं म्हणते, अजून जमलेलं नाही. आत्याला तिकडे ये असं अजून म्हणालेली नाही, आणि आत्याही विचारत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी धक्क्यावर फिरायला गेलो होतो. एक मोठं पांढरं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं होतं, उघडे डेक, रांगेने बाल्कन्या. आत्याने त्याच्याकडे सवयीने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मी विचारलं, "आता वाटतं का गं, तेव्हाच सांगायला हवं होतं?"

"तो गेला त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "तेव्हा ती रडत होती, तिला आणखी रडवायचं जिवावर आलं. मग मला वाटलं, आता जरा सावरलीय, कशाला. मग ती लांब गेली." ती कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "सगळ्या जहाजांना कुठे काय झेपेल ते मी सांगायचे. पोरीला काय झेपेल, ते मात्र मी तिला विचारलंच नाही."

वारा सुटला होता. तिला थंडी वाजत होती, म्हणून आम्ही घरी परतलो.